स्पिटफायर बनवणाऱ्या मिचेलची खरी झुंज तापणाऱ्या इंजिनाशी होती

मे महिन्यात चंद्रपुरात राहिलेल्या माणसाला इंजिन तापणं म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. पारा ४७ च्या आसपास घुटमळत असतो. आलापल्लीहून सिरोंच्याला निघालेली गच्च भरलेली गाडी जंगलातल्या रस्त्यावर मध्येच बाजूला लागते. ड्रायव्हर बोनेट उघडतो, हाताला फडकं गुंडाळतो आणि रेडिएटरच्या झाकणाकडं बघत नुसता उभा राहतो. लगेच हात लावत नाही. घाई केली तर उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येणार हे त्याला पक्कं माहीत असतं. तोवर बाकीचे सावली शोधतात आणि कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बाटली पुढं करतो.

आता हेच दृश्य दुसऱ्या जागी बघा. रात्रीचे अकरा वाजलेत, मागं कूलर घरघरतोय, समोर कॉम्प्युटरवर १९४० सालचं इंग्लंड आहे. गेमचं नाव क्लिफ्स ऑफ डोव्हर. नवा गडी पहिल्यांदाच स्पिटफायर विमानात बसलाय. इंजिन सुरू करतो, धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबतो आणि बाकीचे मित्र ऑनलाइन यायची वाट बघत बसतो. काही मिनिटांत तापमानाचा काटा वर चढतो आणि इंजिन गचके खात बंद पडतं. शत्रू दिसला नाही, एक गोळी सुटली नाही, आणि विमान निकामी.

शिव्या अर्थातच गेम बनवणाऱ्यांना पडतात. पण यात गेमवाल्यांची चूक नाही. खरं स्पिटफायरही असंच वागायचं. सुरुवातीच्या स्पिटफायरचा रेडिएटर उजव्या पंखाखाली होता आणि जमिनीवर असताना उजव्या चाकाचा दांडा बरोबर त्याच्या पुढ्यात यायचा. हवा अडायची. शिवाय विमान उभं असलं की पंख्याचा झोतही तिथवर नीट पोचायचा नाही. त्यामुळं इंजिन सुरू केलं की पायलटला एकच घाई असायची, पटकन वर जायची.

साध्या गेममध्ये हे काहीच नसतं. वेग वाढवायचा, वेग कमी करायचा, गोळ्या मारायच्या, विषय संपला. पण खऱ्यासारख्या म्हणवणाऱ्या गेममध्ये कॉम्प्लेक्स इंजिन मॅनेजमेंट नावाचं एक प्रकरण चालू करता येतं. मग पंख्याच्या पात्यांचा कोन, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण आणि रेडिएटरची झडप, सगळं तुमच्या गळ्यात पडतं. यातली रेडिएटरची झडप नवख्यांना सगळ्यात जास्त छळते. उघडली तर इंजिन थंड राहतं, पण झडप वाऱ्याला अडवते आणि वेग पडतो. मिटली तर विमान पळतं, पण काटा चढतो. मागं शत्रू लागलेला असताना यातलं काय निवडायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

खऱ्या स्पिटफायरमध्ये हा लिव्हर पायलटच्या डाव्या बाजूला होता. तो तिथं कसा आला याची गोष्ट म्हणजे रेजिनाल्ड जोसेफ मिचेल या माणसाचं आयुष्य आहे.

मिचेलचा जन्म २० मे १८९५ चा. गाव इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमधलं, स्टोक-ऑन-ट्रेंटजवळचं. हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा आणि मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्यांचा. वडील शाळामास्तर होते, पुढं त्यांनी छपाईच्या धंद्यात जम बसवला. पोराला लहानपणापासून विमानांचं वेड. पण त्या काळात विमान बनवण्याचं शिक्षण मिळत नव्हतं, कारण विमानच नुकतं जन्माला आलं होतं. मग १६ व्या वर्षी त्याला जवळच्याच केर स्टुअर्ट नावाच्या कारखान्यात उमेदवारीला टाकलं. तिथं रेल्वेची इंजिनं बनायची.

म्हणजे बघा, या माणसाची सुरुवातच बॉयलर, वाफ आणि पाणी यांच्यात झाली. दिवसा कारखान्यात अंगाला काळं फासून घ्यायचं आणि रात्री शाळेत जाऊन ड्रॉइंग, यंत्रशास्त्र, गणित शिकायचं. या उमेदवारीच्या काळातला एक किस्सा सांगितला जातो. चहा करायचं काम मिचेलकडं होतं आणि फोरमननं त्याच्या चहाची तुलना मुताशी केली. दुसऱ्या दिवशी मिचेलनं खरोखरच त्याचाच चहा करून दिला, आणि फोरमननं तो मिटक्या मारत प्यायला. खरं-खोटं देव जाणे, पण गडी गरीब गाय नव्हता एवढं यातून कळतं.

१९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, त्याला साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी पाण्यावर उतरणारी विमानं बनवायची. पुढच्या वर्षी फ्लॉरेन्स डेसनशी लग्न झालं. ती बालवर्गाच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि वयानं त्याच्यापेक्षा ११ वर्षांनी मोठी. १९१९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, मिचेल कंपनीचा मुख्य डिझायनर झाला. कॉलेजची डिग्री नाही, बोलताना जरासा अडखळायचा, आणि हाताखाली त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसं.

सहकाऱ्यांनी नंतर त्याच्याबद्दल सांगितलेली एक गोष्ट भारी आहे. मिचेल ड्रॉइंग बोर्डवर वाकून विचार करत असला की दारातूनच अंदाज घ्यायचा. त्यानं मान वर केली तर आत जायचं. नाही केली आणि मान मागून लाल व्हायला लागली, तर गुपचूप परत फिरायचं.

त्याचं नाव झालं ते शर्यतींमुळं. श्नायडर ट्रॉफी नावाची समुद्रविमानांची एक आंतरराष्ट्रीय शर्यत असायची. पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाला ट्रॉफी कायमची मिळायची. १९२२ मध्ये इटलीत नेपल्सला मिचेलच्या सी लायन विमानानं ती जिंकली. पण १९२३ मध्ये अमेरिकन आले आणि इंग्रजांना त्यांच्याच पाण्यात धुऊन गेले. त्यांच्या कर्टिस विमानात एक गोष्ट वेगळी होती. रेडिएटर बाहेर लटकत नव्हता. पंखाचा पृष्ठभागच रेडिएटर होता.

हे इथं नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी भानगड यावरच उभी आहे.

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेतला ढोबळमानानं तिसरा हिस्सा इंजिन कामाला लावतं. बाकीचा धुराड्यातून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडतो. तो बाहेर काढला नाही तर आतला धातूच टिकत नाही. स्प्लेंडरच्या इंजिनाला बाहेरून ज्या पट्ट्या असतात, त्या यासाठीच. वारा लागतो आणि इंजिन थंड होतं. इंजिन मोठं झालं की हे पुरत नाही. मग इंजिनाभोवती पाणी फिरवायचं आणि ते पाणी रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर गार करायचं. ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये हेच असतं. पण विमानाला रेडिएटर बाहेर लटकवला की तो वाऱ्याला अडतो. वेगाच्या शर्यतीत हे म्हणजे छत्री उघडून धावण्यासारखं.

मिचेलनं हे मनावर घेतलं. १९२५ चं त्याचं एस-४ विमान दिसायला देखणं होतं, पण रेडिएटर पंखाखाली बाहेरच होते. ते अमेरिकेत बाल्टिमोरला शर्यतीआधीच पाण्यात कोसळलं, पायलट थोडक्यात वाचला. १९२७ च्या एस-५ मध्ये मात्र मिचेलनं पंखावर धातूचे दुहेरी पत्रे बसवले आणि त्यांच्या मधल्या फटीतून पाणी खेळवलं. तेल थंड करायच्या नळ्या विमानाच्या कुशीवरून शेपटीकडं नेल्या. व्हेनिसला एस-५ जिंकलं.

दुसऱ्याच वर्षी विमानक्षेत्रातल्या बड्या व्हिकर्स कंपनीनं सुपरमरीन विकत घेतली. सौद्यात एक अट होती, मिचेलनं पुढची पाच वर्षं कंपनी सोडायची नाही. कारखान्याच्या भिंती आणि यंत्रांसोबत माणूसही लिहून घेतला होता.

१९२९ च्या एस-६ मध्ये रोल्स-रॉइसचं नवं आर इंजिन बसलं आणि उष्णतेचा आकडाच बदलला. पंख पुरेनात, म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या खालच्या होड्यांच्या अंगावरही रेडिएटर चढवले. शेपटीचा उभा पंख तेलाची टाकी झाला. थोडक्यात काय, विमानाच्या अंगावरची जवळपास प्रत्येक मोकळी जागा इंजिन थंड करायला राबत होती. इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं तर एवढंही पुरायचं नाही. पायलट पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून उडवायचा, काटा चढला की इंजिनाला जरा दम द्यायचा. म्हणजे विमानाचा कमाल वेग किती हे इंजिनाच्या ताकदीवर ठरत नव्हतं, ते किती गार राहतंय यावर ठरत होतं. १९२९ ची शर्यतही जिंकली.

१९३१ ला तिसरा विजय मिळाला की ट्रॉफी कायमची. पण जगभर मंदी होती आणि ब्रिटिश सरकारनं पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा लेडी ह्यूस्टन नावाची बाई पुढं आली. तरुणपणी नाटकात नाचणारी, नंतर जहाजांच्या एका मोठ्या मालकाची विधवा, आणि सत्तेतल्या मजूर पक्षावर भयंकर राग. सरकारचं नाक कापायची ही संधी तिनं सोडली नाही. १ लाख पौंड दिले. मिचेलनं एस-६बी उभं केलं आणि १३ सप्टेंबर १९३१ ला ट्रॉफी कायमची इंग्लंडची झाली. खरं सांगायचं तर त्या वर्षी इटली आणि फ्रान्स तयारच होऊ शकले नाहीत, इंग्लंड एकटंच धावलं. पण त्याच महिन्यात एस-६बी नं ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला, तिथं मात्र कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

या वेगाची किंमत माणसांनी मोजली होती. १९२८ मध्ये वेगाचा विक्रम करायला गेलेला किंकेड एस-५ सकट समुद्रात गेला. १९३१ मध्ये सरावात ब्रिंटन नावाचा तरुण अधिकारी गेला. मिचेल स्वतःच्या विमानाच्या प्रत्येक चाचणीला जिवावर आल्यासारखा उभा असायचा.

आता सरकारला लढाऊ विमान हवं होतं. हवाई मंत्रालयाचा ओढा रोल्स-रॉइसच्या गॉसहॉक इंजिनाकडं होता. हे इंजिन थंड ठेवायची पद्धत वेगळीच होती आणि ती समजायला चंद्रपूरचा माणूस जगात सगळ्यात सोयीच्या जागी राहतो.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात काय होतं? कोळसा जाळून पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, मग कंडेन्सरमध्ये तिचं परत पाणी होतं आणि ते पाणी पुन्हा बॉयलरला जातं. आता हा वाफेचं पाणी करायचा भाग उचला आणि विमानाच्या पंखात बसवा. गॉसहॉकची आयडिया तीच. पाणी गार ठेवायच्या भानगडीत पडायचंच नाही. त्याला इंजिनात तापू द्यायचं, वाफ होऊ द्यायची, ती वाफ पंखाच्या पुढच्या कडेत नेऊन थंड करायची आणि पाणी परत आणायचं.

कागदावर ही कल्पना जबरदस्त होती. एक लिटर गोठणबिंदूचं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या पाण्याची वाफ करायला लागते. चुलीवरच्या पातेल्याला उकळी लवकर येते, पण ते आटायला किती वेळ लागतो ते आठवा. म्हणजे थोडक्या पाण्यात भरपूर उष्णता बाहेर. वर लटकणारा रेडिएटर नाही, वाऱ्याला अडथळा नाही. वाफेच्या इंजिनांत वाढलेल्या मिचेलला हे पटलं नसतं तरच नवल.

या इंजिनावर त्यानं टाइप २२४ हे विमान काढलं. मधून वाकलेले पंख, कायम बाहेर असणारी चाकं आणि त्यांच्यावर विजारीसारखी जाड आवरणं. थंड झालेलं पाणी पंखातून उतरून या आवरणांत जमा व्हायचं आणि तिथून पंपानं वर चढवायचं. घोळ इथंच झाला. कुकरमध्ये दाब असतो तोवर पाणी शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहतं. दाब काढला की फस्सकन वाफ. पंप पाणी ओढतो तेव्हा ओढीच्या बाजूला दाब पडतो. उकळीच्या काठावरचं पाणी तिथं पोचलं की पंपाच्या तोंडातच वाफ व्हायची. पंप मोकळा फिरायचा, पाणी वर चढायचंच नाही, इंजिन तापत जायचं.

१९ फेब्रुवारी १९३४ ला टाइप २२४ उडालं. वर चढताना कॉकपिटमधले धोक्याचे दिवे लागायचे. मग पायलटनं चढणं थांबवायचं, विमान आडवं करायचं, थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा चढायला लागायचं. शत्रूच्या बॉम्बर विमानांना गाठायला निघालेलं लढाऊ विमान वाटेत दम खात थांबतंय असं चित्र. वेग ताशी ३६७ किलोमीटरच्या आसपास अडकला. जगाचा विक्रम करणाऱ्या माणसाचं विमान सपशेल पडलं आणि कंत्राट ग्लॉस्टर कंपनीच्या दोन पंखांच्या जुन्या पद्धतीच्या विमानाला गेलं.

माझं मत विचाराल तर मिचेलच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं विमान हेच. यशस्वी विमानांवर सिनेमे निघतात, पण स्पिटफायर जे झालं ते २२४ नं केलेल्या फजितीमुळं झालं.

आणि हे सगळं घडत असताना मिचेलच्या अंगात दुसरीच लढाई सुरू झाली होती. ऑगस्ट १९३३ मध्ये त्याला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. वय ३८. मोठं ऑपरेशन झालं, पोटाला कायमची पिशवी लागली. त्या काळात या आजाराबद्दल आणि त्या पिशवीबद्दल चार लोकांत बोलायचीही सोय नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजार परत येऊ शकतो. तो घरी बसू शकला असता, पैसा आणि नाव दोन्ही होतं. पण गडी कामावर परत आला. नुसता आला नाही, विमान उडवायला शिकायला लागला आणि जुलै १९३४ मध्ये पायलटचं लायसन्स काढलं. कारखान्यातल्या बहुतेकांना त्याला काय झालंय याचा पत्ताही नव्हता.

२२४ च्या जागी त्यानं नवं विमान मांडलं, टाइप ३००. पंख पातळ, चाकं आत जाणारी. कॅनडाचा बेव्हर्ली शेन्स्टन या वायुगतीच्या जाणकारानं पंखाला तो प्रसिद्ध लंबगोल आकार दिला. इंजिन रोल्स-रॉइसचंच, पण नवं, जे पुढं मर्लिन म्हणून गाजलं. गंमत म्हणजे सुरुवातीला याही विमानात वाफेवर थंड करायचा बेत होता. त्यासाठी पंखाची पुढची कड इंग्रजी डी अक्षरासारखी पोकळ पेटी करून ठेवली होती. वाफ पुढं रद्द झाली, पण ती पेटी राहिली आणि तिनंच पातळ पंखाला पीळ सहन करायची ताकद दिली.

वाफ रद्द करता आली ती दोन गोष्टींमुळं. पहिली, ग्लायकॉल. आज गाडीत जे कूलंट टाकतो त्यातला हाच मुख्य पदार्थ. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळं ते पाण्यापेक्षा बरंच जास्त तापवून फिरवता येतं. हवा आणि कूलंट यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी उष्णता झपाट्यानं निघते, म्हणून रेडिएटर छोटा चालतो. उलट बाजूही लक्षात घ्या. बाहेरची हवाच ४७ अंशांची असेल तर फरक कमी होतो. चंद्रपुरात गाड्या का उकळतात याचं उत्तर याच वाक्यात आहे.

दुसरी गोष्ट फ्रेडरिक मेरेडिथची. हा फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत होता. त्यानं १९३५ मध्ये मांडलं की रेडिएटर एका बोगद्यात बसवा. पुढून हवा येते, रुंद जागेत जरा हळू होते, रेडिएटरमधून जाताना तापून फुगते आणि मागच्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडते. बाहेर पडताना ती विमानाला पुढं ढकलते. म्हणजे रेडिएटरचा अडथळा बराचसा स्वतःच भरून निघतो. (हा मेरेडिथ रशियाला माहिती पुरवत होता असं ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या फायलींमधून पुढं बाहेर आलं, पण ती स्टोरी परत कधीतरी.)

मिचेलच्या टीमनं असा बोगदा उजव्या पंखाखाली बसवला, डाव्या पंखाखाली तेलाचा कूलर. बोगद्याच्या मागच्या तोंडाला एक हलणारी झडप. तोंड किती उघडायचं ते या झडपेवर, आणि झडप पायलटच्या हातात. वाफेच्या विमानात पायलटकडं दिवा लागायची वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. आता निदान त्याच्या हातात लिव्हर होता.

५ मार्च १९३६ ला ईस्टली विमानतळावरून पहिलं स्पिटफायर उडालं. नंबर के-५०५४, पायलट मट समर्स. नंतर पंखा बदलल्यावर त्यानं ताशी ५६० किलोमीटरचा टप्पा गाठला. तीनच महिन्यांत, ३ जूनला, सरकारनं ३१० विमानांची ऑर्डर दिली. स्पिटफायर हे नाव व्हिकर्सच्या प्रमुखाच्या डोक्यातलं, मिचेलला ते अजिबात आवडलं नव्हतं. त्या वर्षी तो अनेकदा ईस्टलीला गाडी घेऊन यायचा आणि गाडीत बसूनच चाचण्या बघायचा.

१९३७ च्या सुरुवातीला कॅन्सर परतला. एप्रिलमध्ये त्याला उपचारांसाठी व्हिएन्नाला नेलं. उपयोग झाला नाही. मे महिन्यात घरी आणलं. शेवटचे दिवस साउदॅम्प्टनच्या घरी गेले आणि ११ जून १९३७ ला मिचेल गेला. वय ४२. कारखान्यातून पहिलं स्पिटफायर बाहेर पडायला अजून जवळपास वर्ष बाकी होतं. त्याची रक्षा ईस्टलीजवळच्या साउथ स्टोनहॅम स्मशानभूमीत आहे, विमानतळापासून अगदी जवळ.

पुढचं काम त्याचा सहकारी जोसेफ स्मिथ यानं ओढलं. १९४० मध्ये जर्मन विमानं इंग्लंडवर आली तेव्हा स्पिटफायर त्यांना भिडलं. त्या लढाईत संख्येनं जास्त हरिकेन विमानं होती आणि त्यांनी पाडलेली शत्रूची विमानंही जास्त होती, हे सांगायला हवं. स्पिटफायरचं नाव मोठं झालं म्हणून हरिकेनचं श्रेय गायब होता कामा नये. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी सुपरमरीनचा साउदॅम्प्टनचा कारखानाच उद्ध्वस्त केला. मिचेलनं शेवटी आखलेलं बॉम्बर विमान तिथंच अर्धवट अवस्थेत संपलं. १९४२ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, त्यात कामाच्या ताणानं झिजून मेलेला हळवा नायक दाखवलाय. खरा मिचेल रागीट होता, खेळकर होता आणि कॅन्सरनं गेला. त्याच्या मुलानं, गॉर्डननं, पुढं वडिलांचं चरित्र काढलं.

आणि तो लिव्हर? लढाईत तो पायलटसाठी डोकेदुखीच होता. वर चढताना वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात, म्हणजे झडप उघडी हवी. खाली सूर मारताना वारा भरपूर आणि इंजिन मोकळं, म्हणजे झडप मिटायची. मध्ये विसरलात की एकतर वेग जातो नाहीतर इंजिन. शिवाय रेडिएटरला एक गोळी लागली तरी ग्लायकॉलची पांढरी रेघ मागं उमटायची आणि इंजिनाकडं थोडीच मिनिटं उरायची. पुढच्या मार्क ८ आणि मार्क ९ मध्ये दोन्ही पंखांखाली रेडिएटर आले आणि झडपा थर्मोस्टॅटवर आपोआप हलायला लागल्या. पायलटचा एक हात मोकळा झाला.

हेच मार्क ८ भारतात आलं. १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वॉड्रनला ते मिळालं आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपली पोरं स्पिटफायर उडवायला लागली. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकरही त्या आघाडीवर स्पिटफायर उडवत होते. १९७६ मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये काश्मीर खोऱ्यात टोळीवाल्यांना रोखायलाही स्पिटफायर होती. गार इंग्लंडसाठी आखलेलं हे विमान ब्रह्मदेशाच्या दमट जंगलावर आणि आपल्या धुळीच्या धावपट्ट्यांवर चाललं. मार्क ८ चा एक नमुना हवाई दलानं आजवर जपून ठेवलाय.

तर गेममध्ये सुरुवातीचं मार्क १ मिळालं असेल तर लक्षात ठेवा. झडप पूर्ण उघडूनच इंजिन सुरू करायचं, तोंड वाऱ्याकडं करायचं, रेंगाळायचं नाही. चाकं आत गेली आणि वेग आला की काटा बघत बघत झडप थोडी मिटायची. आणि मित्र ऑनलाइन यायची वाट बघायची असेल, तर इंजिन बंद ठेवून बघा.